छप्पन्न फुटांवरची जागा

१९३१ सालच्या उन्हाळ्यात टोरोंटो शहरात कार्लटन आणि चर्च या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर एक अवाढव्य इमारत झपाट्यानं वर येत होती. महामंदीचे दिवस होते. लोकांच्या हाताला काम नव्हतं आणि पैसा उभा करणं महाकठीण झालं होतं. तरीही कॉन स्माइथ या जिद्दी माणसानं आपल्या ‘मेपल लीफ्स’ संघासाठी आइस हॉकीचं नवं स्टेडियम बांधायचंच, असा चंग बांधला होता. पैसे कमी पडले तेव्हा कामगारांनी मजुरीचा काही हिस्सा रोखीऐवजी शेअर्सच्या रूपात घ्यायचं मान्य केलं. १ जूनला सुरू झालेलं काम साडेपाच महिन्यांत उरकलं आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री ‘मेपल लीफ गार्डन्स’मध्ये पहिला सामना झाला. साडेतेरा हजार माणसांसमोर यजमान संघ शिकागोकडून १–२ असा हरला.

या सगळ्या घाईगर्दीत एक गोष्ट मात्र सावकाश, नीट विचार करून ठरली. रेडिओवर सामन्यांचं धावतं समालोचन करणाऱ्या फॉस्टर ह्युइटला नव्या इमारतीत आपली जागा स्वतः निवडायची मुभा मिळाली होती. ती कशी निवडली हे तो पुढे नेहमी सांगत असे. शहरातल्या ईटन कंपनीच्या एका उंच इमारतीत तो गेला आणि एकेक मजला चढत, खिडकीतून खालच्या रस्त्यावरची वर्दळ न्याहाळत राहिला. खालच्या मजल्यांवरून पाहिलं की माणसं एकमेकांच्या आड जात. फार वर गेलं की ठिपके होत. पाचव्या मजल्यावरून मात्र माणूस चालीवरून ओळखूही येत होता आणि सगळी गर्दी कुठून कुठे सरकते आहे तेही कळत होतं. उंची मोजली तर ती छप्पन्न फूट भरली. तेवढ्याच उंचीवर, गार्डन्सच्या छताखाली, त्याच्यासाठी एक लांबट खोली टांगण्यात आली. तिला सगळे ‘गंडोला’ म्हणू लागले.

ह्युइटला हा खटाटोप का करावासा वाटला, यालाही कारण होतं. १९२३ मध्ये म्युच्युअल स्ट्रीटवरच्या जुन्या रिंकमध्ये त्यानं समालोचनाला सुरुवात केली ती बर्फालगतच्या काचेच्या एका चिमुकल्या खोक्यात बसून. आत हवा खेळत नव्हती, त्याच्याच श्वासानं काचेवर वाफ धरत होती आणि समोरून खेळाडू सुसाट निघून जात होते. खेळाच्या इतक्या जवळ बसून त्याला खेळ दिसत नव्हता.

आइस हॉकी पाहायला कुठं बसावं, या प्रश्नाचा सगळा इतिहास या दोन जागांमध्ये सामावलेला आहे. जुन्या एकपडदा चित्रपटगृहात बाल्कनीचं तिकीट महाग आणि पडद्यालगतच्या रांगा स्वस्त, हे मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेलं गणित इथं उलटं होतं. पैसेवाला कायम बर्फाजवळ बसत आला आणि खिसा हलका असलेला माणूस छताजवळ. पण खेळ समजून घ्यायचा तर छताजवळच्या माणसाचीच बाजू बळकट आहे, आणि गेल्या दीडशे वर्षांत स्टेडियम बांधणाऱ्यांना ही गोष्ट पुन्हा पुन्हा नव्यानं शिकावी लागली आहे.

त्यासाठी आधी खेळाचा आवाका लक्षात घ्यायला हवा. आपल्या मैदानी हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. उत्तर अमेरिकेतलं बर्फाचं रिंक २०० फूट बाय ८५ फूट, म्हणजे साधारण ६१ बाय २६ मीटर. एवढ्याशा जागेत दोन्हीकडचे मिळून बारा खेळाडू स्केट्सवर धावत असतात. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, इंचभर जाड, काळ्या रबराची टिकली असते. तिला ‘पक’ म्हणतात. तिचं वजन जेमतेम १७० ग्रॅम, पण जोरकस फटक्यात ती ताशी १६० किलोमीटरपर्यंत जाते. भोवती साडेतीन फुटांचा कठडा. पक कठड्यावर आपटून परत येते आणि खेळ चालूच राहतो. त्यामुळे कठड्यालगतची झटापट हा खेळाचा मोठा भाग. पहिल्या-दुसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला त्याच्या पुढ्यातल्या कठड्यावरची धडक छातीत जाणवते, खेळाडूंचं ओरडणं, स्केट्सचं करकरणं ऐकू येतं. पण पक पलीकडच्या कोपऱ्यात गेली की त्याच्यासमोर उरतात फक्त पाठी. त्याच्या बाजूच्या कठड्याला घासून पक पळाली तर तीही दिसत नाही, कारण मध्ये कठडाच आडवा येतो.

सुरुवातीला कठडा नव्हता, खुर्च्याही नव्हत्या. ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये जेम्स क्रायटन आणि त्याच्या सवंगड्यांनी बंदिस्त छपराखाली खेळलेला सामना हा आधुनिक आइस हॉकीचा पहिला नोंदलेला सामना मानला जातो. ही इमारत हौशी स्केटिंगसाठी बांधलेली होती. बर्फाभोवती जरा उंच केलेला एक ओटा होता. स्केटिंग करणाऱ्यांची ऊठबस त्यावर चाले. त्या संध्याकाळी प्रेक्षकही तिथंच दाटीवाटीनं उभे राहिले. चेंडू उसळून लोकांना लागेल ही धास्ती आयोजकांना होती, म्हणून चेंडूऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरणार असल्याचं वर्तमानपत्रात आधीच जाहीर झालं होतं. बर्फावरून घसरत जाणारी, हवेत सहसा न उडणारी ही चकती आजच्या पकची पूर्वज. म्हणजे कडेला उभ्या असलेल्या बघ्यांच्या काळजीनं या खेळाला त्याचं सर्वांत ओळखीचं साधन मिळालं. पहिल्याच सामन्यात असं घडावं, हे फार बोलकं आहे.

त्या रात्रीचा शेवट मात्र गोड झाला नाही. स्केटिंगसाठी ताटकळलेली मंडळी आणि हॉकीवाले यांच्यात जुंपली, बाकं मोडली, आणि बायका घाबरून बाहेर पळाल्याचं किंग्स्टनच्या वर्तमानपत्रानं छापलं. बर्फ आणि बघे यांच्यात काहीतरी आडोसा हवा, हे तेव्हापासूनच दिसत होतं.

याच रिंकमध्ये १८८९ च्या हिवाळी उत्सवात गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी आयुष्यातला पहिला हॉकी सामना पाहिला. तीन वर्षांनी त्यांनी देऊ केलेला चषक आज जगातल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीडाचषकांपैकी एक आहे. १८९४ मध्ये त्या चषकाचा निर्णायक सामनाही इथंच झाला आणि पाच हजारांच्या आसपास लोक आत कोंबले गेले. एवढ्या गर्दीत मागे उभ्या राहिलेल्यांना काय दिसलं असेल? समोरच्यांच्या टोप्या, आणि गोल झाल्यावर उठलेला जल्लोष.

खास हॉकीसाठी बांधलेली पहिली मोठी वास्तू १८९८ च्या अखेरीस मॉन्ट्रियललगतच्या वेस्टमाउंटमध्ये उभी राहिली. तिथं रिंकचे कोपरे गोलाकार केले होते, सुमारे चार हजार लोक बसू शकत आणि आणखी कित्येक हजार उभे राहत. बर्फ नैसर्गिक होता, म्हणजे बाहेरची थंडी आत घेतली तरच टिकणारा. चांगल्या जागेचा अर्थ तेव्हा दिसण्याइतकाच उबेशीही जोडलेला होता. पॅट्रिक बंधूंनी १९११ मध्ये व्हँकूव्हरला कृत्रिम बर्फाचं, साडेदहा हजार आसनांचं डेनमन अरीना बांधलं, तेव्हा हा प्रश्न सुटला. बर्फ खाली नळ्यांनी गोठवता येऊ लागला आणि प्रेक्षकांना वर बऱ्यापैकी ऊब मिळू लागली. १९१७ मध्ये मॉन्ट्रियलच्या विंडसर हॉटेलात नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची स्थापना झाली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मोठमोठी क्रीडागृहं एकापाठोपाठ एक उभी राहिली.

यातली काही क्रीडागृहं मुळात हॉकीची नव्हतीच. न्यूयॉर्कचं १९२५ चं मॅडिसन स्क्वेअर गार्डन आणि बॉस्टनचं १९२८ चं गार्डन या दोन्हींमागे टेक्स रिकार्ड हा मुष्टियुद्धाच्या लढती भरवणारा माणूस होता. मुष्टियुद्धाचा चौथरा इमारतीच्या मध्यभागी, जेमतेम वीस फुटांचा. सगळ्या नजरा तिथं वळल्या की झालं. रिकार्डच्या इमारतींत सज्जे खूप पुढे आणलेले, एकावर एक रचलेले असत. चौथऱ्यासाठी ही रचना नामी होती. त्याच जागेत दोनशे फुटांचं रिंक पसरलं, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बाजूच्या सज्ज्यात मागे बसणाऱ्यांना अलीकडच्या कठड्याजवळचा बर्फ दिसेनासा झाला. पक तिकडे गेली की ती परत येईपर्यंत वाट बघत बसायचं. बॉस्टनमध्ये तर रिंकच आखूड होतं, १९१ फूट बाय ८३ फूट, आणि कितीतरी आसनांसमोर खांब उभे होते.

पण बॉस्टन गार्डनच्या वरच्या सज्ज्यातले लोक त्या जागा सोडायला तयार नसत. ‘गॅलरी गॉड्स’ म्हणून ते ओळखले जात. वर्षानुवर्षं त्याच रांगेत येणारे, प्रत्येक खेळाडूची खोड माहीत असलेले, चुकीच्या पासवर सगळ्यांच्या आधी ओरडणारे. सज्जा पुढे झुकलेला असल्यामुळे बर्फ जवळजवळ पायाखाली दिसे, आणि इथून हल्ल्याची सगळी आखणी वाचता येत असे. मॉन्ट्रियलच्या फोरममध्ये त्यांचे भाऊबंद होते. १९२४ मध्ये १५९ दिवसांत बांधून झालेल्या या क्रीडागृहात एका टोकाला पन्नास सेंटांची बाकं होती. आसनांवर क्रमांक नसत. दरवाजे उघडले की जो आधी धावेल त्याची जागा. या बाकांवरच्या कामगारांना, विद्यार्थ्यांना सगळं शहर ‘मिलियनेअर्स’ म्हणे. कनेडियन्स संघाचे सर्वांत कडवे समर्थक तेच. गोलामागच्या त्या जागेवरून त्यांना आपल्या संघाची चढाई सरळ अंगावर येताना दिसे, पासांच्या तिरक्या रेषा उघड्या पडत. आज संघांचे विश्लेषक टोकाकडून घेतलेलं चित्रण मुद्दाम मागवतात, ते याच कारणासाठी.

खाली, बर्फालगत, शहरातली प्रतिष्ठित मंडळी बसत. टोरोंटोत कॉन स्माइथला आपल्या लाल खुर्च्यांवरचे प्रेक्षक नाटकाला आल्यासारखे सूट-टायमध्ये हवे असत आणि कुणी ढिलाई केली तर तो खटकल्याचं कळवायलाही कमी करत नसे. गार्डन्समध्ये खुर्चीचा रंग हाच दर्जा होता. खाली लाल, मग निळ्या, हिरव्या, आणि अगदी वर करड्या. पुढे तळाच्या रांगा सोनेरी झाल्या. ‘तुमची तिकिटं कुठली?’ या प्रश्नाला टोरोंटोत रंगानं उत्तर देत. १९४६ पासून १९९९ पर्यंत गार्डन्समधल्या लीफ्सच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपत असत. एवढ्या मागणीत खुर्ची सोन्याच्या मोलाची झाली. १९७० च्या दशकात मालक हॅरोल्ड बॅलार्डनं तर आणखी खुर्च्या बसवण्यासाठी भिंतीवरची राणी एलिझाबेथची भव्य तसबीर काढून टाकली.

जागेची निवड किती महागात पडू शकते, याचं सगळ्यांत भयंकर उदाहरण मात्र फोरममधलंच आहे. मार्च १९५५. कनेडियन्सचा लाडका खेळाडू मॉरिस रिशार याला बॉस्टनच्या सामन्यातल्या मारामारीबद्दल लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी उरलेल्या सगळ्या मोसमासाठी बाहेर काढलं. फ्रेंचभाषक मॉन्ट्रियल पेटून उठलं. एका इंग्रजीभाषक साहेबानं आपल्या माणसावर सूड उगवला, असंच लोकांना वाटत होतं. १७ मार्चला डेट्रॉइटविरुद्ध सामना होता. येऊ नका असं परोपरीनं सांगूनही कॅम्पबेल आले आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. ती खुर्ची चार भिंतींतल्या सुरक्षित कक्षात नव्हती. चारचौघांत, सगळ्यांना दिसेल अशी होती. वरच्या रांगांतून टोमॅटो, अंडी, पावसाळी बूट त्यांच्या दिशेनं येऊ लागले. एक जण हस्तांदोलनाला आल्यासारखा आला आणि त्यानं हात उगारला. पहिला पीरियड संपला तेव्हा डेट्रॉइट ४–१ नं पुढे होतं. तेवढ्यात जवळच अश्रुधुराचं नळकांडं फुटलं. सामना तिथंच थांबवून डेट्रॉइटला बहाल केला गेला. बाहेर सेंट कॅथरीन स्ट्रीटवर रात्रभर दगडफेक आणि लूट झाली. क्वेबेकच्या राजकीय जागृतीचा इतिहास लिहिणारे त्या रात्रीचा उल्लेख आवर्जून करतात.

फेकाफेक वरून खाली होते, तशी ती खालून वरही होते. पक कठड्याबाहेर उडत असे आणि कधी कधी खेळाडूही. सुरुवातीला गोलांमागच्या टोकांना तारेची जाळी असे. बाजूच्या रांगांना कसलाच आडोसा नव्हता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मेपल लीफ गार्डन्सनं टोकांच्या जाळीऐवजी मजबूत काच बसवली आणि हळूहळू इतरांनी ती उचलली. काचेनं पुढच्या रांगांची किंमत वाढवली, कारण जाळीपेक्षा ती पारदर्शक होती. पण कोपऱ्यात काच वळते तिथं दृश्यही वाकतं, दिव्यांचं प्रतिबिंब पडतं, आणि सामना रंगत जातो तसे तिच्यावर पकचे काळे ओरखडे उमटत जातात. नेमाने येणारे लोक म्हणूनच काचेला चिकटलेल्या रांगेपेक्षा दहाव्या-पंधराव्या रांगेला पसंती देतात. तिथून नजर कठड्याच्या वरून जाते.

२३ डिसेंबर १९७९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना संपल्यावर बाचाबाची झाली, एका प्रेक्षकानं बॉस्टनच्या खेळाडूवर हात टाकला, आणि त्याचा सहकारी टेरी ओ’रायली काच ओलांडून थेट प्रेक्षकांत घुसला. त्याच्यामागे संघातले बरेच जण गेले. माइक मिलबरीनं एका प्रेक्षकाच्या पायातला बूट काढून त्यालाच हाणला. ओ’रायलीवर आठ सामन्यांची बंदी आली, आणि ठिकठिकाणच्या काचा त्यानंतर उंच झाल्या. काच उंच असली तरी भक्कम असेलच असं नाही. २००१ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात टोरोंटोचा टाय डोमी पेनल्टी बॉक्समध्ये शिक्षा भोगत बसला होता. मागून शेरेबाजी करणाऱ्यांवर त्यानं बाटलीतलं पाणी उडवलं. चिडलेला एक प्रेक्षक काचेवर रेलला, काच निखळली आणि तो थेट डोमीच्या पुढ्यात जाऊन पडला.

पेनल्टी बॉक्सशेजारची जागा अनेकांना का हवीशी वाटते, हे एवढ्यावरून कळतं. १९६३ च्या नोव्हेंबरपर्यंत दोन्ही संघांचे शिक्षा झालेले खेळाडू एकाच बाकावर बसत. टोरोंटोत दोघांनी तिथंही मारामारी सुरू ठेवली, तेव्हा गार्डन्सनं दोन वेगळे कप्पे केले.

मात्र २००२ च्या १६ मार्चला कोलंबस इथं जे घडलं त्यानं सगळा विचारच बदलला. गोलामागच्या बाजूला बसलेल्या १३ वर्षांच्या एका मुलीला एका खेळाडूला लागून उडालेली पक लागली. ती चालत बाहेर गेली, आणि दोन दिवसांनी इस्पितळात तिचा मृत्यू झाला. एनएचएलच्या सामन्यात पक लागून प्रेक्षकाचा जीव जाण्याची ही पहिलीच वेळ. पुढच्या मोसमापासून दोन्ही टोकांना काचेच्या वर जाळी सक्तीची झाली. जाळीमुळे नीट दिसत नाही अशी कुरकुर काहींनी केली. पण डोळे दोऱ्यांना थोड्या वेळात सरावतात, आणि पालक मुलांना घेऊन तिथं बिनघोर बसू शकतात. हा बदल व्हायला एका मुलीचा जीव जावा लागला, ही या खेळाच्या इतिहासातली न पुसता येणारी गोष्ट आहे.

वरच्या जागांची कहाणी वेगळी. १९७० मध्ये बफेलो शहराला एनएचएलचा संघ मिळाला, तेव्हा १९४० च्या दशकातलं त्यांचं मेमोरियल ऑडिटोरियम अपुरं पडणार होतं. बाजूला जागा नव्हती. मग तिथल्या अभियंत्यांनी सबंध छतच २४ फूट वर उचललं आणि मधल्या पोकळीत नारिंगी खुर्च्यांचा एक नवा मजला बसवला. तो इतका उभा चढत गेला होता की समोरच्याचं डोकं कधी आड येत नसे. उठताना मात्र कठड्याला धरून उठावं लागे. अनेक बफेलोकर आजही त्या नारिंगी जागांची आठवण प्रेमानं काढतात. या इमारतीत वातानुकूलन नव्हतं. २० मे १९७५ ला स्टॅन्ली चषकाच्या अंतिम मालिकेतला तिसरा सामना ऐन उकाड्यात झाला. गरम दमट हवा थंडगार बर्फावर टेकली आणि रिंकवर दाट धुकं साचलं. सामना वारंवार थांबवावा लागला. धुकं हटवायला खेळाडू गोल गोल फेऱ्या मारत होते. जादा वेळेत बफेलोच्या रेने रोबेरनं गोल मारला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या गोलरक्षकालाच पक दिसली नाही. त्या रात्री कुठल्याच रंगाच्या खुर्चीचा काही उपयोग झाला नाही.

जागा निवडण्याचं शास्त्र जाणकारांनी आपापसांत घोटून ठेवलेलं आहे. सामना वीस मिनिटांच्या तीन पीरियडमध्ये होतो आणि दर पीरियडला बाजू बदलतात. म्हणजे यजमान संघ एकाच गोलावर पहिल्या आणि तिसऱ्या, अशा दोन पीरियडमध्ये चढाई करतो. त्या टोकाच्या जागांना ‘शूट ट्वाइस’ म्हणतात, आणि आपल्या संघाचे गोल जवळून पाहायचे असतील तर दर्दी प्रेक्षक तिथलीच तिकिटं शोधतो. डावपेच समजून घ्यायचे असतील तर मध्यरेषेजवळ आणि वर. कॅमेरेही तिथंच असतात. उघड्या मैदानावरच्या सामन्यांत तर खालच्या जागांची पार दैना होते. १ जानेवारी २०१४ ला मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये टोरोंटो–डेट्रॉइट सामन्याला १,०५,४९१ लोक आले होते. रिंक भल्यामोठ्या मैदानाच्या मध्यभागी होतं. पुढच्या रांगांना दूरवर कठडा आणि त्यावर तरंगणारी हेल्मेटं दिसत होती, आणि खेळ दिसत होता तो खूप वर बसलेल्यांना.

एवढा अनुभव गाठीशी असूनही रिकार्डच्या काळातली चूक पुन्हा पुन्हा होत राहिली. फक्त मुष्टियुद्धाची जागा बास्केटबॉलनं घेतली. बास्केटबॉलचं कोर्ट ९४ फूट लांब, हॉकीचं रिंक त्याच्या दुपटीहून अधिक. १९९६ मध्ये फीनिक्सला आलेला कायोटीज संघ बास्केटबॉलसाठी बांधलेल्या क्रीडागृहात खेळू लागला, तेव्हा एका टोकाचे वरचे मजले चक्क रिंकवर आले. तिथं बसलेल्या हजारो लोकांना खालचा गोलच दिसत नव्हता. २००३ मध्ये संघानं जागा बदलली. ब्रुकलिनमध्ये २०१५ साली आयलँडर्स संघाबाबत तेच झालं. इथं रिंक एका बाजूला सरकवून बसवावं लागलं, त्यामुळे छताला टांगलेला भलामोठा गुणफलक मध्यरेषेवर न येता एका बाजूच्या निळ्या रेषेवर लटकत राहिला. एका टोकाच्या प्रेक्षकांना जवळचा गोल पाहण्यासाठी हातातल्या फोनचा आधार घ्यावा लागे. पाच वर्षांत संघ तिथून निघाला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये लाँग आयलंडच्या हद्दीवर त्यांचं नवं घर उघडलं. ते आधी हॉकीसाठी आखलं होतं, आणि प्रेक्षकांचा आवाज आतच घुमावा म्हणून त्याचं छत मुद्दाम बेताच्या उंचीचं ठेवलं होतं.

गार्डन्सचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. १३ फेब्रुवारी १९९९ ला तिथं शेवटचा एनएचएल सामना झाला. प्रतिस्पर्धी पुन्हा शिकागो, आणि याही वेळी जिंकलं शिकागोच. ह्युइटचा गंडोला बॅलार्डनं त्याआधीच, १९७९ मध्ये, जाळून टाकला होता. कॅनडाभर लाखो घरांत ज्या जागेवरून हॉकी पोहोचली ती जपून ठेवावी असं त्याला वाटलं नाही, याची चीड आजही तिथल्या लोकांच्या बोलण्यात येते. इमारत मात्र टिकली. तळमजल्यावर आता मोठं किराणा दुकान आहे. त्याच्या पंचविसाव्या ओळीत, डबाबंद मालाच्या फडताळांमधल्या फरशीवर एक लाल ठिपका आहे. रिंकचा मध्यबिंदू नेमका तिथं होता. जुन्या निळ्या खुर्च्या जोडून केलेलं मेपलचं एक भलंमोठं पान भिंतीवर लावलेलं आहे. वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं रिंक आहे.

सगळ्या जागांमध्ये एक जागा अशी होती, की तिथं बसणाऱ्याला तिकीट लागत नसे. गोलाच्या अगदी मागे, काचेला नाक लावून गोल जज बसत असे. सुरुवातीच्या काळात तो बर्फावरच उभा राहून हात किंवा रुमाल वर करी. पुढे त्याला बंदिस्त खोपटं आणि लाल दिव्याचं बटण मिळालं. पक रेषेपलीकडे गेली की नाही हे जगात सगळ्यांत आधी त्याला कळे. १९९१–९२ पासून एनएचएलनं चित्रफीत पाहून निर्णय तपासायला सुरुवात केली, गोलाच्या नेमक्या वर कॅमेरे लागले, आणि त्याचं महत्त्व ओसरत गेलं. २००६ च्या सुमारास लीगनं संघांना मुभा दिली, की गोल जजला वरच्या मजल्यावर बसवा आणि काचेमागची त्याची जागा विका. बऱ्याच संघांनी लगोलग तसं केलं. आता तिथं मोठी किंमत मोजलेले प्रेक्षक बसतात, आणि लाल दिव्याचं बटण दाबणारा माणूस पत्रकारांच्या मजल्याजवळ. गोल झाला की नाही असा वाद उद्भवलाच, तर लीगच्या टोरोंटोतल्या कार्यालयात पडद्यांसमोर बसलेली माणसं गोलावरच्या कॅमेऱ्याचं दृश्य पाहून निकाल कळवतात.